गुडघा झिजलाय, तरी व्यायाम करायचा? अस्थिसंधिवातातल्या व्यायामाविषयी

गुडघेदुखीच्या रुग्णाला व्यायाम सांगितला की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "डॉक्टर, एकीकडे गुडघा झिजलाय म्हणता आणि दुसरीकडे व्यायाम करा म्हणता. मग उरलंसुरलं तेही झिजणार नाही का?" काही जण हे विचारत नाहीत. मान डोलावतात, कागद घडी घालून पिशवीत ठेवतात आणि घरी गेल्यावर व्यायाम करत नाहीत. त्यापेक्षा विचारणारे बरे, कारण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट कळल्याशिवाय कुणीही दुखऱ्या गुडघ्याने व्यायाम करणार नाही. करूही नये.

हा लेख वयाच्या चाळिशी-पन्नाशीनंतर हळूहळू सुरू होणाऱ्या गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताबद्दल आहे. डॉक्टर त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस किंवा नुसतं 'ओए' म्हणतात, घरात त्याला 'झीज' किंवा 'वात' म्हणतात. आमवात, गाऊट, जंतुसंसर्ग यांनीही गुडघे दुखतात, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत. तेव्हा आपला आजार ओए आहे हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

'गॅप कमी झालाय' म्हणजे नेमकं काय?

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. दोन्हींच्या मध्ये गादीसारख्या दोन चकत्याही असतात. हे काहीच एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. ती कमी झाली की कूर्चा पातळ झाली असा अंदाज बांधतात. 'गॅप' म्हणतात तो हाच.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली अशी की एक्स-रे आणि दुखणं यांची जोडी नेहमी जुळत नाही. एक्स-रे बराच खराब असूनही रोज तीन मजले चढणारे लोक असतात आणि एक्स-रेत किरकोळ बदल असूनही रात्रभर कण्हणारे असतात. कारण कूर्चेला मज्जातंतूच नसतात. दुखतं ते आजूबाजूचं: सांध्याचं आतलं आवरण सुजतं, कूर्चेखालचं हाड हुळहुळं होतं, स्नायू थकतात. यातल्या बऱ्याच गोष्टी कमीजास्त होऊ शकतात, म्हणूनच एकाच गुडघ्याचं दुखणं काही महिने जास्त आणि काही महिने कमी असतं. झीज तर तेवढीच असते.

दुसरी गोष्ट 'झीज' या शब्दाचीच. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर टायर येतो: जितका चालवाल तितका घासेल. पण टायर निर्जीव असतो. कूर्चा जिवंत आहे, आणि तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या पाण्यातून होतं. तुम्ही पायावर वजन टाकता तेव्हा ती दाबली जाऊन तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, वजन काढलं की ताजं पाणी आत शोषलं जातं. ओला स्पंज दाबून सोडावा तसं. ही दाब-सूट थांबली की कूर्चेचे हाल होतात. मणक्याच्या दुखापतीनंतर ज्यांना कित्येक महिने पायावर भारच देता आला नाही, त्यांच्या गुडघ्यातली कूर्चा पातळ होत गेलेली एमआरआयवर दिसून आली आहे. त्यांचा गुडघा कुणी वापरून झिजवला नव्हता, तो वापराविना गेला होता.

याचा अर्थ व्यायामाने कूर्चा परत उगवते असा घेऊ नका. सहा महिने नेटाने व्यायाम करून पुन्हा एक्स-रे काढलात तर गॅप तेवढाच दिसेल. व्यायामाने दुखणं कमी होतं आणि हालचाल वाढते. एक्स-रे सुधारतो असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

मांडी बारीक का होते?

दुखऱ्या पायाची आणि चांगल्या पायाची मांडी शेजारी शेजारी बघा. गुडघ्याच्या वर चार बोटं, आतल्या बाजूला दुखरी मांडी बहुधा खोलगट दिसेल. गुडघा दुखत आणि सुजत असेल तर मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोराने आकसूच देत नाही. हा एक प्रकारचा बचाव असतो, पण तो महागात पडतो. स्नायू न वापरल्याने आणखी बारीक होतो. मग खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागतो, जिना उतरताना पाय निसटल्यासारखा वाटतो, आणि पाऊल टाकताना बसणारा जो धक्का स्नायूने झेलायचा तो थेट सांध्यावर जातो. सांधा आणखी दुखतो. दुखतं म्हणून माणूस आणखी कमी चालतो.

बर्लिनमधल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली होती. सपाट जागेवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त आणि उतरताना जवळपास साडेतीनपट. जिना उतरताना जास्त दुखतं ही तक्रार मनाची नाही, हे त्यातून कळतं. आणखी एक आकडा मला रुग्णांना सांगायला फार उपयोगी पडतो: खुर्चीतून उठताना गुडघ्यावर येणारा भार जवळपास चालण्याइतकाच असतो. म्हणजे जो गुडघा तुम्हाला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत नेतो, त्याला खुर्चीतून दहा वेळा उठण्याचा व्यायाम झेपण्यासारखा आहे. ज्याला तुम्ही व्यायाम म्हणून घाबरता तो भार तुम्ही दिवसभर उचलतच असता, फक्त मोजूनमापून उचलत नाही.

फायदा किती होतो?

इथे खरं तेच सांगितलं पाहिजे, कारण व्यायामाचीही अवास्तव जाहिरात होते. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये गुडघ्याच्या ओएमधल्या व्यायामाचा आढावा पुन्हा घेतला. काहीच उपचार न घेणाऱ्यांशी तुलना केली तर व्यायामाने दुखणं १०० पैकी सुमारे १३ गुणांनी कमी झालं. खोट्या उपचारांशी तुलना केली तर सुमारे ९ गुणांनी. हा आकडा सरासरीचा आहे आणि तो फार मोठा नाही. काहींना बराच फायदा होतो, काहींना जेमतेम.

मग एवढा आग्रह का? कारण त्याच्या तुलनेत बाकीचे पर्याय काय आहेत तेही बघायला हवं. वेदनाशामक गोळ्या रोज वर्षानुवर्षं घेतल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम होतो, आणि साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांना यांपैकी एखादा त्रास आधीच असतो. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर काही आठवडे छान जातात. अमेरिकेच्या सैनिकी रुग्णालयांत १५६ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपी, म्हणजे हाताने दिलेले उपचार आणि व्यायाम. वर्षभराने त्रासाचं माप २४० पैकी इंजेक्शनवाल्यांत सरासरी ५६ च्या आसपास होतं आणि फिजिओथेरपीवाल्यांत ३७. दोन्ही गटांची सुरुवात शंभराच्या थोडी वर होती. म्हणजे इंजेक्शननेही बरं वाटलं, पण वर्षाअखेरीस व्यायामवाले पुढे होते.

दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करण्याची शस्त्रक्रिया एकेकाळी ओएसाठी सर्रास होत असे. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर तिची परीक्षा झाली. काहींची खरी शस्त्रक्रिया केली, काहींना फक्त वरून छेद देऊन टाके घातले. २००२ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत फरक नव्हता. आजही कुणी केवळ झिजेसाठी दुर्बिणीची सफाई सुचवली तर हे आठवा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

शिवाय व्यायामाने फक्त गुडघाच सुधारत नाही. साखर, रक्तदाब, झोप, तोल जाऊन पडण्याची भीती यांवरही परिणाम होतो. गोळीला हे जमत नाही.

व्यायाम करताना दुखलं तर?

खरा अडथळा हाच आहे. आपल्याकडे दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतं, "दुखलं की लगेच थांबा." दुसरं म्हणतं, "दुखू दे, सहन करा, दुखल्याशिवाय बरं होत नाही." पहिला सल्ला पाळला तर व्यायाम सुरूच होत नाही, कारण ओएच्या गुडघ्याला पहिले काही आठवडे थोडं दुखणारच. दुसरा पाळला तर आठव्या दिवशी गुडघ्यात पाणी होतं आणि व्यायाम कायमचा सुटतो.

यातला मधला रस्ता मोजमापाचा आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात रुग्णाला आधी आजाराची माहिती देतात आणि मग सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली व्यायाम करवून घेतात. आता तो इतरही अनेक देशांत चालतो. तिथे वेदनेची जी पट्टी वापरतात ती घरीही वापरता येते. ० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे असह्य. व्यायाम करताना दुखणं २ पर्यंत असेल तर निर्धास्त राहा. ३ ते ५ असेल तरी चालतं. ५ च्या वर गेलं तर तो व्यायाम आज जास्त झाला.

पण त्या वेळचा आकडा पुरेसा नाही. दुसऱ्या दिवशीचा आकडा जास्त महत्त्वाचा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं २४ तासांत पूर्वीइतकं खाली आलं पाहिजे. आलं तर मात्रा बरोबर आहे, पुढच्या वेळी तेवढंच किंवा किंचित जास्त करा. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम बंद करायचा नाही, कमी करायचा. पंधरा वेळा केला असेल तर आठ वेळा. खुर्ची बुटकी असेल तर उंच घ्यायची. दुखणं शमलं की पुन्हा हळूहळू वाढवायचं.

मांडीत किंवा पोटरीत दोन दिवस ठणक लागणं वेगळं. ते स्नायूंचं दुखणं असतं, मुलं पहिल्यांदा सूर्यनमस्कार घालतात तेव्हा त्यांनाही होतं. त्याने घाबरायचं कारण नाही. आणि गुडघ्यातून नुसता 'कटकट' आवाज येत असेल, दुखत नसेल, तर त्याकडे दुर्लक्ष करा. आवाजाचा झिजेशी हिशेब लावत बसू नका.

कोणते व्यायाम?

पहिल्या एक-दोन वेळा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, कारण तुमचा गुडघा आतून दुखतो की वाटीखाली, पाय किती बाहेर वाकलेत, खुबा आणि कंबर कशी आहे, यावरून क्रम बदलतो. खाली दिलंय ते साधारण बहुतेकांना चालणारं आहे.

गुडघा फार दुखत असेल त्या दिवसांत पलंगावरूनच सुरुवात करा. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, मांडी घट्ट होऊ द्या, पाच मोजा, सोडा. असं दहा वेळा. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर वर उचलून पाच मोजायचे. पाठीवर झोपून, दोन्ही गुडघे दुमडून, कंबर वर उचलणं हाही चांगला व्यायाम आहे. त्याने बसण्याच्या जागेचे मोठे स्नायू काम करतात, जे जिना चढताना लागतात.

पण पलंगावरच थांबू नका. मला सर्वात जास्त दिसणारी अडचण हीच आहे: रुग्ण पाच वर्षांपूर्वी शिकवलेला टॉवेलचा व्यायाम आजही तेवढाच करतात आणि "व्यायाम करूनही फरक नाही" म्हणतात. तो व्यायाम पहिल्या पंधरवड्यासाठी असतो. स्नायूला रोज तेवढंच काम दिलं तर तो वाढत नाही.

पुढचा आणि माझ्या मते सर्वात कामाचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाऊल गुडघ्याच्या थोडं मागे घ्या, पुढे झुका, उठा, सावकाश बसा. धप्पकन बसू नका, बसतानाच स्नायू जास्त शिकतो. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर ते पावलाच्या रेषेत ठेवा. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा किंवा हातांचा आधार घ्या. आठ-दहा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा. सोपं वाटायला लागलं की उशी काढा. तेही सोपं झालं की हात छातीशी घ्या, नंतर हातात पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली.

यानंतर पायरी. घरातली सर्वात खालची पायरी, कठडा हाताशी. दुखरा पाय वर ठेवून चढा, सावकाश उतरा. ओट्याला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहा. तिथेच एक पाय बाजूला उचला, कारण खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असतील तर चालताना गुडघ्यावर ताण येतो. मग एका पायावर दहा सेकंद तोल. भाजी चिरताना नको, पण कुकरच्या शिट्ट्या मोजत उभं राहायचंच असतं, तेव्हा हे व्यायाम करून घेता येतात.

आठवड्यातून दोन-तीन दिवस हे ताकदीचे व्यायाम पुरेत. रोज केलेच पाहिजेत असं नाही, मधल्या दिवशी चाला. शेवटचे दोन-तीन वेळा करताना 'आता दमलो' असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर वाढवा. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात सोडणाऱ्यांना कष्ट तेवढे मिळतात, गुण येत नाही. आणि बरं वाटल्यावर पूर्ण बंद केलं तर काही महिन्यांत फायदाही ओसरतो.

प्रगती मोजायची सोपी रीत आहे. ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजून कॅलेंडरवर लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. दुखणं रोज बदलतं, त्यामुळे नुसत्या आठवणीवर विसंबलं तर फसगत होते. लिहिलेला आकडा फसवत नाही.

चालणं, वजन आणि वारी

चालणं उत्तमच, पण ते मांडीची ताकद फारशी वाढवत नाही, तेव्हा वरच्या व्यायामांच्या जागी नुसतं चालणं धरू नका. एका दमात अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. तळव्याला मऊ, मागून बंद अशी पादत्राणं घाला. काठी वापरायची असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलट धरतात. चालणं फारच दुखत असेल तर सायकल किंवा पाण्यात चालणं हे चांगले पर्याय आहेत.

वजन जास्त असेल तर हिशेब सोपा आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. दिवसात किती पावलं टाकता त्याने गुणून बघा. त्याच संशोधकांनी ४५४ जणांवर दीड वर्ष चाचणी केली. नुसता आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही एकत्र करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. त्या गटाचं वजन सरासरी ११ टक्क्यांनी उतरलं होतं.

आषाढी वारीला पायी जायचंय म्हणून विचारणारे दर वर्षी असतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. ओए असलेल्याने जाऊच नये असं मी म्हणत नाही, पण जेठ उजाडल्यावर विचारायला येऊ नका. चार महिने आधी मांडीचे व्यायाम सुरू करा, चालण्याचं अंतर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, आणि पिशवी हलकी ठेवा. तयारी नसेल तर शेवटचे टप्पे चालावेत आणि बाकी वाहनाने जावं.

मांडी घालून बसायचं की नाही?

"आजपासून खाली बसायचं नाही" हा सल्ला सरसकट दिला जातो. मला तो सरसकट पटत नाही. गुडघा सुजलेला असताना, दुखणं ५ च्या वर असताना उकिडवं बसणं, मांडी घालणं टाळा, पाटाऐवजी खुर्ची घ्या, शौचालयासाठी कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. यात लाज वाटायचं कारण नाही. खाली बसता येत नाही म्हणून बाहेर जाताना पाणीच न पिणाऱ्या आणि मग लघवीच्या संसर्गाने येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तीन-चार हजारांची कमोडची खुर्ची त्यापेक्षा स्वस्त पडते.

पण दुखणं आटोक्यात असेल तर जमिनीवर बसणं-उठणं हे कौशल्य टिकवा. पलंगाचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन, एक गुडघा टेकवत, रोज एक-दोनदा. घरात कधी पडलात तर स्वतःचं स्वतः उठता येणं किती मोलाचं आहे ते एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांना विचारा.

मशीनचा शेक म्हणजे फिजिओथेरपी?

दहा दिवस रोज मशीन लावून झोपायचं, शेक घ्यायचा, बिल भरायचं आणि घरी यायचं, याला बरेच जण फिजिओथेरपी समजतात. शेकाने बरं वाटतं, तात्पुरतं. घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही वाटतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये ओएसाठी दिलेल्या मार्गदर्शनात प्रत्येक रुग्णाला व्यायाम द्या असं सांगितलं आहे, आणि विजेच्या मशीनचे उपचार देऊ नका असंही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबद्दलही नकारच आहे. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा विचारा: मला कोणते व्यायाम शिकवणार, ते कधी आणि कसे वाढवणार? चांगल्या फिजिओथेरपिस्टला हा प्रश्न आवडतो. पैसे मोजके असतील तर दहा दिवस मशीनपेक्षा दोन महिन्यांत चार-पाच भेटी घ्या आणि दर भेटीत व्यायामाची पुढची पायरी शिका.

घरच्यांसाठी

"आई, तू बस, मी आणते." हे प्रेमाने म्हटलेलं असतं. दिवसातून वीस वेळा म्हटलं तर आईचं वीस वेळा उठणं बंद होतं. आधी बाजार सुटतो, मग शेजारणीकडे जाणं, मग देऊळ, आणि वर्षभरात आई गॅलरीतून रस्ता बघत बसते. जड उचलायचं, पाण्याच्या बादल्या, गॅस सिलिंडर ही कामं जरूर काढून घ्या. हलकी उठबस राहू द्या. आणि व्यायाम "केलास का?" म्हणून विचारण्यापेक्षा शेजारी दुसरी खुर्ची ठेवून सोबत करा. नातवंडांना मोजायला बसवलं की पंधराचे वीस होतात.

शस्त्रक्रिया लागेलच का?

सर्वांना नाही, पण काहींना लागते, आणि लागेल त्याने व्यायामाच्या नावाखाली ती वर्षानुवर्षं ढकलू नये. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांची चाचणी झाली. सगळे सांधेबदलाला पात्र होते. निम्म्यांचा सांधा बदलून १२ आठवडे व्यायाम, आहार, माहिती असे उपचार दिले, निम्म्यांना शस्त्रक्रियेविना तेच उपचार दिले. २०१५ मध्ये निकाल आले. शस्त्रक्रियेने आराम स्पष्टपणे जास्त मिळाला, जवळपास दुप्पट. गंभीर गुंतागुंतही त्या गटात जास्त झाली. आणि नुसत्या व्यायामाच्या गटातल्या ५० पैकी १३ जणांनीच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीचे, पात्र असूनही, थांबू शकले.

म्हणून माझा सल्ला असा असतो: तीन महिने मोजूनमापून, वाढवत नेलेला व्यायाम करा. त्यानंतरही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं कठीण असेल, पाय दिवसेंदिवस वाकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांशी सांधेबदलाविषयी बोला. तीन महिन्यांची मेहनत तेव्हाही वाया जात नाही, बळकट मांडीने शस्त्रक्रियेला गेलेला माणूस नंतर सोप्या रीतीने उभा राहतो.

व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे कधी जायचं?

गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी जा. पडल्यावर किंवा मुरगळल्यावर पायावर भारच देता येत नसेल, गुडघा अडकून सरळच होत नसेल, एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, विश्रांतीतही दुखणं वाढतच असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तरीही वाट बघू नका. हृदयविकार, दम्याचा त्रास किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर सुरुवातीपूर्वी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना व्यायामाचा कागद दाखवा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी व्यायाम करू नये. आणि व्यायाम करताना छातीत दाटलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, चक्कर आली, तर लगेच थांबा, बसा आणि घरातल्या कुणाला तरी हाक मारून १०८ वर फोन करायला सांगा.